‘फी’ म्हणजे ताई नव्हे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘बॅड बडी’ ही थाई मालिका तुम्ही इंग्रजी सबटायटल्स लावून पाहिलीत. मुख्य गोष्ट पॅट आणि प्रान या दोन मुलांची, पण तुमचा जीव अडकला तो इंक आणि पा या दोन मुलींत. त्यांच्यात नेमकं कधी काय घडलं ते तुम्हाला कळलं नाही. आधी ओळख, मग मैत्री, मग एकदम जोडी. मधलं काही कापलंय का? पा इंकला सारखं ‘फी’ म्हणते, त्याचा अर्थ शोधला तर ‘थोरली बहीण’ निघाला, मग हे प्रेम कसं? आणि आता आईला ही मालिका दाखवायची आहे, तिला इंग्रजी ओळी वाचायला जमत नाहीत, म्हणून तुम्ही स्वतः मराठी ओळी लिहायला बसला आहात. तिथे ‘फी’ला ‘ताई’ लिहू का?

आधी शेवटचं. ‘ताई’ लिहू नका, काही झालं तरी. का ते सांगायला थोडा वेळ लागेल.

मी चौदा वर्षं सबटायटल्स लिहिते (‘उपशीर्षकं’ हा शब्द फक्त बिलावर वापरते). सुरुवात इंग्रजी आणि हिंदीवरून मराठीत, थाई गेल्या सहा वर्षांत. अस्खलित येते असं म्हणणार नाही. ऐकून समजते, बोलताना सूर चुकतात, वाचताना बोट ठेवून वाचावं लागतं. पण सबटायटलवाल्याला कान लागतो, आणि या मालिकांमध्ये खरा मामला कानाचाच आहे.

कापलेलं काही नाही. इंक आणि पा यांच्यात जे घडतं ते बरंचसं हाक मारण्यात, ‘मी’ आणि ‘तू’ कसं म्हटलं यात आणि वाक्याच्या शेवटच्या अक्षरात घडतं. ते तुमच्या कानावर पडत होतं, पण डोळे खाली इंग्रजी वाचत होते आणि इंग्रजीत तेवढ्याला जागाच नाही. तिथे सगळ्यांना ‘यू’.

मालिकेबद्दल दोन ओळी, इतर वाचणाऱ्यांसाठी. ‘बॅड बडी’ जीएमएमटीव्ही या थाई निर्मितीसंस्थेची, दिग्दर्शक नोप्पनाट चैविमोन. 29 ऑक्टोबर 2021 पासून पुढच्या जानेवारीपर्यंत बारा भाग आले. पॅट इंजिनिअरिंगचा, प्रान आर्किटेक्चरचा, घरं शेजारी आणि दोन्ही घरांचं पिढीजात वाकडं. पा ही पॅटची धाकटी बहीण. इंक ही पॅट-प्रानच्या शाळेपासूनच्या ओळखीची. गंमत अशी की पॅटला आधी वाटतं आपल्याला इंक आवडते, त्यावरून प्रान आतल्या आत जळतो, आणि पुढे कळतं की पासुद्धा जळत होती, फक्त उलट बाजूनं. इंक झालेली मिल्क पान्सा आणि पा झालेली लव्ह पत्रानित यांच्या वाट्याला पडद्यावरची मिनिटं तशी थोडीच आली, पण प्रेक्षकांनी दोघींना असं उचलून धरलं की मार्च 2024 मध्ये ‘23.5’ नावाच्या मालिकेत त्या नायिका म्हणून आल्या. दोन मुली मुख्य जोडीत असलेली जीएमएमटीव्हीची ती पहिली मालिका. तिच्याकडे पुढे येते, कारण मराठीत लिहिणाऱ्याचा घाम खरा तिथे निघतो.

आता ‘फी’. थाईत आपल्याहून मोठ्या माणसाला, सख्खा भाऊ असो, बहीण असो, ऑफिसातला सहकारी असो की टपरीवरची बाई असो, ‘फी’ म्हणतात. धाकट्याला ‘नोंग’. या शब्दांना लिंग नाही. रक्ताचं नातं असेल तरी चालतं, नसेल तरी चालतं. बायको वयानं मोठ्या नवऱ्याला ‘फी’ म्हणते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. म्हणजे हा शब्द नात्यापेक्षा जास्त जागेचा आहे: तू माझ्या एक पायरी वर बसतेस, मी एक पायरी खाली, आणि त्या वरच्या पायरीवरून तू माझ्याकडे लक्ष द्यायचं आहेस. थोरलेपणाबरोबर काळजी घेण्याची जबाबदारी येते. धाकटीनं ‘फी’ म्हणताना थोडे लाड मागितलेले असतात.

मराठी ‘ताई’ मात्र दार लावून घेते. आपल्याकडे एकदा ताई म्हटलं की राखी-भाऊबीज आलीच, संशयाला जागा उरत नाही. पोरी नको असलेल्या मुलाला ‘दादा’ म्हणून कटवतात ते काय उगाच? मी हे स्वतः भोगलंय. सुरुवातीच्या काळात एका छोट्या महोत्सवासाठी एका थाई लघुपटाच्या ओळी लिहिल्या. त्यातल्या धाकट्या मुलीच्या तोंडी मी मोठ्या विश्वासानं ‘ताई’ घातलं. कॉलेजात ज्युनिअर पोरी सिनिअरला ताई म्हणतातच, असा माझा हिशोब. दोघींचा हात हातात येतो त्या प्रसंगाला अंधारात कुणीतरी म्हणालं, ‘अगं बाई, बहिणी आहेत ना?’ आणि सगळं थिएटर हसलं. दिग्दर्शिका तिथे नव्हती एवढंच नशीब. त्या रात्री फाइल उघडून एकूणएक ताई पुसल्या.

मग ‘फी’ तसाच ठेवावा? ठेवावा, पण लिहायचा कसा? देवनागरीत ‘फी’ लिहिलं की विद्यापीठाच्या मालिकेत पहिलं वाचन होणार ते भरायच्या फीचं. ‘फी आली का?’ या ओळीवर तुमची आई विचारेल, कसली फी, परीक्षेची? इंग्रजीवाले ‘पी’ लिहितात, वर एक टिंबवजा खूण देऊन. ते उचललं तर ‘पी इंक’ होतं, म्हणजे चक्क शाई पी. मी बराच काळ डोकं लावून शेवटी जोडरेघेवर आले: ‘फी-इंक’. नावाला चिकटलं की शब्द हाक वाटतो, एकटा राहिला की पावती वाटते. नाव नसलेल्या ठिकाणी, नुसतंच ‘फी’ असेल तिथे, मी बहुधा शब्द गाळते आणि वाक्यात ‘गं’ घालते. ‘ऐक ना गं.’ या ‘गं’चं मोल मराठीत लिहिणाऱ्यांनी ओळखलेलं नाही असं मला नेहमी वाटतं. बाईला उद्देशूनच येतो, आई-लेकीत येतो, मैत्रिणींत येतो, नवरा बायकोला म्हणतो तेव्हाही येतो. दोन मुलींच्या प्रेमकथेला याहून सोयीचं अक्षर कुठल्या भाषेत सापडणार? मैत्री आहे की पुढचं काही, हे ‘गं’ सांगत नाही. थाई संवादही बराच वेळ सांगत नाहीत.

एक पायरी वर, एक पायरी खाली हे विद्यापीठात इतकं का महत्त्वाचं, तेही बघून घ्या, नाहीतर या मालिका शाळेच्या वाटतात. अनेक भारतीय प्रेक्षकांचा तोच घोळ होतो, कारण पात्रं गणवेशात असतात. थायलंडमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना गणवेश असतो: पांढरा शर्ट, काळा किंवा गडद स्कर्ट, कमरेच्या पट्ट्याच्या बकलावर विद्यापीठाचं चिन्ह, छातीवर पिन. कुठे काटेकोर, कुठे सैल. 1917 सालच्या चुलालोंगकोर्न विद्यापीठाची शिस्त वेगळी, 1934 सालच्या थम्मासातची हवा वेगळी. पहिल्या वर्षाला नियम जास्त कडक असतात, त्यामुळे कपड्यांवरूनसुद्धा कोण नोंग आणि कोण फी हे पुष्कळदा ओळखू येतं. वर्षाच्या सुरुवातीला ‘रब नोंग’ असतं, म्हणजे धाकट्यांचं स्वागत. स्वागत कसलं, काही ठिकाणी रॅगिंगच. त्यामागच्या पद्धतीला ‘सोटस’ म्हणतात, सिनिऑरिटी, ऑर्डर, ट्रॅडिशन, युनिटी आणि स्पिरिट या पाच इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. त्याच नावाची मालिका 2016 मध्ये आली आणि विद्यापीठातल्या प्रेमकथांचा साचा तिनं बराच घट्ट केला.

मला स्वतःला याहून ‘साय रहत’ आवडतं. रहत म्हणजे कोड, विद्यार्थी क्रमांक. तुमच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे वरच्या वर्षातल्या ज्याच्याशी जुळतात तो किंवा ती तुमची ‘फी रहत’. तिनं तुम्हाला जुन्या नोट्स द्यायच्या, जेवायला न्यायचं, अडचणीत बघायचं. कित्येकदा ती कोण हे आधी लपवून ठेवतात आणि नोंगनं कोडी सोडवत तिला शोधायचं असतं. पटकथा लिहिणाऱ्याला आणखी काय हवं? हजेरीपटानंच जमवलेली सोयरीक. पुढच्या वेळी एखाद्या मालिकेत सिनिअर मुलगी अनोळखी ज्युनिअरच्या हातात दुधाचा डबा देऊन निघून गेली, तर ते फ्लर्टिंग असेलच असं नाही. कदाचित फक्त क्रमांक जुळला असेल. मालिका याच संदिग्धतेवर तीन-चार भाग काढते.

आता ‘मी’ आणि ‘तू’. मराठीत ‘मी’ एकच. थाईत ‘मी’ निवडावा लागतो, आणि निवडला की तुम्ही समोरच्याला कुठे बसवलंत ते उघड होतं. बाई अनौपचारिक बोलताना ‘चान’ म्हणते. मैत्रिणींत ‘राव’ चालतं, ज्याचा मूळ अर्थ ‘आम्ही’. पुष्कळ मुली स्वतःचं टोपणनावच ‘मी’ म्हणून वापरतात. पा स्वतःबद्दल बोलताना ‘पा’ म्हणाली तर ती तिसऱ्या कुणाबद्दल बोलत नाहीये. समोरच्याला ‘खुन’ म्हटलं की अंतर, ‘थोए’ म्हटलं की जवळीक, ‘के’ म्हटलं की मैत्रिणींतला सैलपणा, ‘मुंग’ म्हटलं की एकतर भांडण नाहीतर लंगोटीयारी.

आणि मग प्रेमिकांचा तो विचित्र गोड प्रकार. ते एकमेकांना ‘तुआ एंग’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘स्वतः’, आणि आपल्याला ‘खाव’, ज्याचा मूळ अर्थ ‘तो’ किंवा ‘ती’. म्हणजे ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं सांगताना मुलगी शब्दशः म्हणते, ‘तिचं स्वतःवर प्रेम आहे.’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी टेप मागे घेऊन चार वेळा ऐकलं. वाटलं, हिला आत्मप्रौढी कसली सुचतेय. नंतर लक्षात आलं की लाजेनं स्वतःला वाक्याच्या कडेला उभं केलंय आणि समोरचीला आपल्या आत घेतलंय. इंग्रजी ओळ काय होती? ‘आय लव्ह यू.’ चुकीची नाही. पण त्या ओळीवरून तुम्हाला कसं कळणार की कालपर्यंत ‘राव’ म्हणणारी आज ‘खाव’ म्हणाली?

वयात अंतर असलेल्या जोडीत ‘फी’ सहसा सुटत नाही. आपण वाट बघतो की प्रेम जमल्यावर ती नावानं हाक मारेल, तसं होत नाही. बदल ‘फी’च्या आजूबाजूला होतो. आधी ‘फी-इंक खा’ असं शेपूट लावून, मग शेपूट नुसतं लाडाचं, मग ‘फी’ लांबवून, त्यात सूर चढवून. शेपूट म्हणजे तो ‘खा’, बायका वाक्याच्या शेवटी लावतात तो आदराचा शब्द. विधानाला उतरता सूर, प्रश्नाला चढता. जवळच्या माणसाशी त्याच जागी ‘जा’ येतो, मऊ, जरा आंजारणारा. तुम्ही सांगता तसं ‘एकदम जोडी’ झाली असं वाटत असेल तर एक प्रयोग करा. दोघींचे सुरुवातीचे आणि शेवटचे प्रसंग सबटायटल बंद करून, डोळे मिटून ऐका. अर्थ सोडा. वाक्यं कशानं संपतात तेवढंच बघा.

यातलं मराठीत काय आणता येतं? वाटतं त्याहून बरंच. इथे आपण इंग्रजीपेक्षा थाईच्या जवळ आहोत. ‘खुन’वरून ‘थोए’वर येणं हे आपलं ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणं. अडचण एवढीच की आपल्याकडे एका वर्षानं मोठ्या मुलीला कुणी ‘तुम्ही’ म्हणत नाही, म्हणून विद्यापीठाच्या कथेत हा पत्ता फारसा खेळता येत नाही. ऑफिसच्या कथेत येतो. ‘गॅप’ बघा, नोव्हेंबर 2022 मधली, फ्रीन आणि बेकी या अभिनेत्रींची. तिच्यानंतर दोन नायिकांच्या मालिकांची थायलंडमध्ये रांग लागली. त्यातली मोन आपल्याहून आठ वर्षांनी मोठ्या, राजघराण्याशी लांबचं नातं सांगणारी पदवी असलेल्या वरिष्ठ बाईला ‘खुन साम’ म्हणते आणि प्रेमात पडल्यावरही तेच म्हणत राहते. आदराची हाक तीच लाडाची हाक. आता हे ‘खुन’ देवनागरीत लिहा बघू. दर दुसऱ्या ओळीला खून पडतो. मी तिथे ‘साम मॅडम’ लिहिते आणि पुढे पुढे ‘मॅडम’चा सूर बदलेल अशी वाक्यं रचते. ‘मॅडम, रागावलात?’ हे पहिल्या भागात एक आणि आठव्या भागात वेगळंच ऐकू येतं.

त्यावरून रागाचं. थाईत एक शब्द आहे ‘ङोन’. इंग्रजी ओळींत त्याचं काहीतरी ‘सल्क’-बिल्क होतं, आणि ते वाचून मुलगी फुगून बसलेली, पोरकट वाटते. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: रुसणं. समोरच्यानं समजूत काढावी म्हणूनच धरलेला राग, जो फक्त हक्काच्या माणसावर धरता येतो. त्याची जोडी ‘ङॉ’, म्हणजे मनधरणी, रुसवा काढणं. थाई प्रेमकथेतल्या मधल्या भागांचं इंजिनच हे आहे. पा इंकवर रुसते का, आणि रुसली तर इंक रुसवा काढायला येते का, यावरून प्रेक्षक नातं मोजतो. परक्या माणसावर कुणी रुसत नाही. इंग्रजीत वाचणाऱ्याला हे क्षुल्लक भांडण वाटतं. मराठीत ‘रुसलीयेस?’ एवढा एकच शब्द टाका. तुमच्या आईला पुढचं काही समजावून सांगावं लागणार नाही.

तसंच ‘क्रेंग जाय’. इंग्रजीत याची पाच पाच शब्दांत भाषांतरं होतात. मराठीत दोन अक्षरं: भीड. दुसऱ्याला त्रास होईल, ओझं होईल म्हणून मन मागे घेणं. धाकटी मुलगी थोरलीला आपल्या मनातलं महिनोन् महिने सांगत नाही ते भीतीनं कमी आणि भिडेनं जास्त. ‘मला भीड पडली’ असं लिहिलं की झालं.

आणि ‘किन खाव यांग?’ भात खाल्लास का अजून? म्हणजे जेवलीस का. ही थाई मालिकांतली सर्वांत जास्त वेळा येणारी प्रेमाची ओळ असावी, आणि इंग्रजीत ती चौकशी वाटते. आपल्याला वाटत नाही. रात्री साडेअकराला ‘जेवलीस?’ असा मेसेज कोण पाठवतं ते मराठी माणसाला ठाऊक असतं. अशा ओळीला नटवू नका. ‘काही खाल्लंस की नाही अजून’ वगैरे लांबण नको. पडद्यावर ती दोनेक सेकंद राहते. ‘जेवलीस?’ पुरे.

आता ‘23.5’ची गोष्ट, जिथे आपली मराठी आडवी येते. ही विद्यापीठाची नाही, शाळेची. पृथ्वीचा आस कलतो तो कोन म्हणजे 23.5 अंश, आणि नायिकेचं नाव ओंगसा, म्हणजेच अंश. बुजरी ओंगसा सगळ्यांच्या लाडक्या सनला ‘अर्थ’ (इंग्रजीतली पृथ्वी) या टोपणनावानं मेसेज करते, आणि सनची समजूत होते की हा कुणी मुलगा आहे. थाईत हे सहज जमतं. क्रियापदाला लिंग नाही, ‘मी’ गाळता येतो, वाक्याअखेरचा बायकी ‘खा’ किंवा पुरुषी ‘ख्रप’ लिहिला नाही की लिहिणारं कोण ते कळत नाही. मराठीत? ‘मी तुला रोज बघते’ लिहिलं की पहिल्याच मेसेजात भांडं फुटलं. ‘बघतो’ लिहिलं तर मुलगी खोटं बोलली असं होतं, आणि ओंगसा खोटं बोललेली नाही, तिनं फक्त सनचा गैरसमज दुरुस्त केला नाही. फरक मोठा आहे, पुढे तिला माफ करायचं की नाही ते त्यावर ठरतं.

मी सरावासाठी त्या मेसेजांच्या ओळी स्वतःपुरत्या लिहून पाहिल्या. दोन दिवस गेले. हाताशी काय लागलं ते सांगते, तुम्हालाही उपयोगी पडेल. भविष्यकाळ आपल्या बाजूनं आहे: ‘मी येईन’, ‘मी सांगेन’, इथे लिंग दिसत नाही. ‘मी’ला ‘नं’चा अर्थ चिकटतो तो भूतकाळही चालतो: ‘मी पाहिलं’, ‘मी वाचलं’, ‘मी ओळखलं’. पण ‘मी आले’, ‘मी दमले’, ‘मी हसले’ हे सगळे घरभेदी. ‘मला’नं सुरू होणारी वाक्यं सर्वांत विश्वासू: ‘मला झोप येत नाही’, ‘मला भीती वाटते’, ‘मला आवडतं’. आणि सगळ्यात चांगली युक्ती म्हणजे वाक्याचा कर्ताच बदलणं. ‘मी तुला रोज बघते’चं मी केलं, ‘तू रोज दिसतेस मला.’ लिंग सनचं, ते तर उघडच आहे. ही ओळ मूळ अर्थापेक्षा जास्त हळवी झाली, आणि त्याबद्दल मला थोडं वाईटही वाटलं. भाषांतरात फुकट मिळालेल्या सौंदर्याकडे जरा संशयानं बघावं लागतं. पण ठेवली.

कबुलीच्या प्रसंगाला ‘चॉप’ आणि ‘रक’ वेगळे ठेवा. पहिला आवडणं, दुसरा प्रेम. तरुण थाई पात्रं कबुली देतात ती बहुधा ‘चॉप’नं. इंग्रजीत ‘लाइक’ आला की पाणचट वाटतं, मराठीत ‘तू मला आवडतेस’ वजनदार आहे, तेच लिहा. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ ही ओळ आपल्याकडे नाटकातच बोलली जाते, ती ‘रक’साठी राखून ठेवा, आणि तिथेही शक्य असेल तर टाळा.

‘फॅन’ हा शब्द कानावर पडेल तेव्हा दचकू नका. चाहता नव्हे, जोडीदार. मुलगा असो, मुलगी असो, शब्द तोच, म्हणून ‘तुला फॅन आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर देताना पात्राला काही लपवावं किंवा उघड करावं लागत नाही. मराठीत ‘बॉयफ्रेंड’ किंवा ‘गर्लफ्रेंड’ लिहिलं की विचारणाऱ्यानं आधीच गृहीत धरल्यासारखं होतं. मी ‘तुझं कुणी आहे का?’ लिहिते. आणि ‘माझी फॅन होशील?’ला ‘आपलं जमलंय, असं समजू?’ कॉलेजात ‘त्यांचं जमलंय’ म्हणतातच की.

आईला प्रश्न पडू शकतो की दोघीही मुलींसारख्याच मुली कशा. हा प्रश्न थाई प्रेक्षकांनाही पडायचा. तिथे जुनी समजूत ‘टॉम’ आणि ‘डी’ची: एक आखूड केसांची, पुरुषी वळणाची, दुसरी ‘लेडी’तली ‘डी’. 2010 च्या ‘येस ऑर नो’ या चित्रपटात वसतिगृहाच्या एका खोलीत राहणाऱ्या पाय आणि किम आहेत, त्यात किमचे केस आखूड, आणि पायला टॉमांचा तिटकारा. विद्यापीठातल्या दोन मुलींच्या प्रेमाचा तो लोकप्रिय झालेला थाई चित्रपट. ‘टॉम’, ‘डी’ या चौकटीबाहेर ‘यिंग रक यिंग’, स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री, हा शब्द अंजारी या 1986 साली सुरू झालेल्या स्त्रियांच्या गटानं रुजवला. ‘येस ऑर नो’नंतर अकरा वर्षांनी आलेल्या इंक आणि पा दोघींचेही केस लांब आहेत आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मालिका गोड असतात म्हणून तिथे सगळं गोडच आहे असं समजू नका, पण कायदा खरोखर बदलला: 18 जून 2024 ला सिनेटनं विवाहसमतेला मंजुरी दिली आणि 23 जानेवारी 2025 पासून तो लागू झाला. त्यात ‘पती-पत्नी’च्या जागी ‘खू सोम्रोत’ असा लिंगनिरपेक्ष शब्द आला. मराठीत मी ‘जोडीदार’ लिहीन. ‘सहचर’ मला फार पुस्तकी वाटतो.

तुमच्या फाइलबद्दल एवढंच. ओळ लहान ठेवा, आईचा वाचायचा वेग तुमच्या निम्मा धरा. दोन ओळींपेक्षा जास्त कधीच नको. ‘फी-इंक’ पहिल्यांदा येईल तिथे आईला तोंडी एकदा सांगा की ही मोठीला मारायची हाक आहे, लाडाची. मग तिला विचारा, तुझ्या सासरी धाकट्या जाऊबाई तुला काय म्हणायच्या. माझ्या आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, ‘अक्का म्हणायची. पण स्वयंपाकघरात दोघीच असलो की नुसतं गं.’ तेव्हापासून माझ्या ओळींत ‘गं’ वाढले.